गंमत केली हो!

"आप्पा, विकलेला माल परत घेता वाटतं तुम्ही?" सुरेंद्र म्हणाला आणि माझ्याकडे बघून त्यानं एक डोळा बारीक केला. "एक तर घरातच परत आलेला दिसतोय!"

मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. त्याचे वडील मांडीवर थाप मारून खो खो हसले. त्याची आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत बसली. आप्पा, म्हणजे माझे वडील, तेही हसले. पाहुण्यांपुढे हसतात तसं, फक्त ओठांनी. मग सुरेंद्रनं मला दोन्ही हात जोडले.

"गंमत केली हो ताई! लगेच तोंड कशाला पाडताय?"

मी तोंड वगैरे काही पाडलं नव्हतं. ट्रे याच्या मांडीवर उपडा करावा की डोक्यावर, एवढाच विचार चालला होता. पण कप चांगले होते, सुटे मिळत नव्हते. मी चहा दिला आणि आत गेले.

ती गोष्ट होऊन आता तीस वर्षं होत आली. आम्ही बार्शीचे कासार. पुढे बांगड्यांचं दुकान, मागे घर. आई लवकर गेली, भाऊ नाही, आम्ही दोघी बहिणीच. मी शालन, थोरली, लग्न होऊन तीन वर्षांत नवऱ्याला सोडून घरी आलेली. उज्ज्वला माझ्याहून अकरा वर्षांनी लहान, मीच तिची वेणीफणी करून तिला वाढवलेली. तिच्यासाठी हा करमाळ्याचा मुलगा सांगून आला होता. पाटबंधारे खात्यात नोकरी, घरची शेती, दिसायला नीटनेटका. आप्पांना स्वर्ग दोन बोटं उरला होता.

आणि उज्जूला तो आवडला होता. तिथंच सगळं अडलं.

"किती हसवतेत गं ते, ताई," ती रात्री अंथरूण घालताना म्हणाली.

"मला काय म्हणाला ते ऐकलंस ना?"

"अगं, गंमत केली त्यांनी. त्यांच्या मनात काही नसतं."

गंमत केली! हे दोन शब्द जगातून कुणी उचलून नेले असते, तर मी त्या माणसाला साडीचोळीचा आहेर केला असता. सुरेंद्रच्या तोंडात ते सुपारीसारखे सदा घोळत असायचे. साखरपुड्यात त्यानं उज्जूच्या बोटात अंगठी घालता घालता मध्येच थांबून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "हे बोट आहे का काकडी?" गंमत केली. आप्पांच्या दुकानात बसून गिऱ्हाइकाला म्हणाला, "काकू, हे म्हातारबुवा जुन्या बांगड्या धुऊन नव्या म्हणून विकतात." गंमत केली. ती बाई त्यानंतर दुकानाची पायरी चढली नाही. आपण दुखावलो तर आपणच वाईट, आणि हसलो तर आपणच आपल्यावर हसणारे. असल्या माणसापुढे करायचं तरी काय?

मग कुर्डुवाडीचा प्रकार झाला. लग्नाला दोन महिने होते. सुरेंद्र उज्जूला आपल्या मावशीकडे भेटीला म्हणून एसटीनं घेऊन गेला. कुर्डुवाडीच्या स्टँडवर गाडी थांबली, तेव्हा म्हणाला, "मला पाणी आणतेस?" ती उतरली. नळावर बाटली भरून वळते तर गाडी हललेली. तो खिडकीतून हात हलवत होता. तिची पर्स त्याच्या मांडीवर होती. अंगावरच्या कपड्यांनिशी आणि एका बाटलीनिशी पोरगी स्टँडवर उभी. दोन टवाळ पोरांनी तिच्याभोवती घिरट्या घालायला सुरुवात केली, तेव्हा ती कंट्रोलरच्या खिडकीला चिकटून उभी राहिली. दीड-दोन तासांनी हा पुढच्या गावाहून जीपनं परत आला, तो हसतच.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. म्हणाले, तुझा चेहरा बघायचा होता, कसा होतो ते. गंमत केली." उज्जू हसायचा प्रयत्न करत होती. तिचे डोळे सुजले होते.

मी तशीच उठून दुकानात गेले. आप्पा पेटीत बांगड्या लावत बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. म्हटलं, "आप्पा, अजून वेळ गेलेली नाही. मोडा हे."

"पत्रिका वाटून झाल्या, शालन."

"वाटल्या तर वाटल्या."

"थट्टेखोर आहे जरा. वय आहे त्याचं. हसून सोडून द्यायचं असतं गं. मनाला लावून घेऊ नको."

"आप्पा, हे तुम्ही याआधी कुणाला सांगितलं होतं, आठवतंय का?"

ते पेटीतल्या लावून झालेल्या बांगड्या काढून पुन्हा लावायला लागले.

त्या दिवशी मी ठरवलं की लग्न मोडणं तर माझ्या हातात नाही, पण त्याचा कान आहे.

आमच्याकडे लग्नात होमाच्या वेळी नवरीचा भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतो आणि मग नवऱ्याचा कान पिळतो. माझ्या बहिणीला नीट सांभाळ, नाहीतर मी आहे, असा त्याचा अर्थ. नवरा खोटं खोटं कळवळतो, मुलाकडचे भावाला शर्टपीस देतात, बायका हसतात. आम्हाला भाऊ नाही म्हणून हे काम चुलतभाऊ गजाननकडे होतं. मी त्याला गाठलं.

"गजा, कान मी पिळणार."

"अगं ताई, मला शर्टपीस मिळणार हाय त्यात!"

"शर्टपीस तू घे. कान मला दे."

गजा शहाणा होता, त्यानं पुढे काही विचारलं नाही.

आता माझ्या हाताविषयी सांगायला हवं. बांगडी भरणं हे नाजूक काम आहे असं लोकांना वाटतं. बाईचा हात आपल्या हातात घ्यायचा, अंगठ्याच्या बुडाचं हाड दाबून मऊ करायचं, आणि तिच्या मापाहून लहान काचेची बांगडी न फोडता वर चढवायची. रोज शंभरेक हात. कॉलेजात गेलेल्या मुलींचे, उसाच्या फडात कोयता चालवणाऱ्या बायकांचे, सगळे. वर्षानुवर्षं हे केलं की चिमटीत अशी ताकद येते की मी सुपारी सहज फोडायचे. ते दोन महिने मी कुणाचाही हात हातात घेतला की मनात सुरेंद्रचा कान यायचा. एकदा सातपुत्यांची सून ओरडली, "शालूताई, हात हाय माझा!" मी म्हटलं, "माफ कर गं, ध्यान दुसरीकडं होतं." पण माझं ध्यान अगदी नेमकं जागेवर होतं.

मला एवढंच हवं होतं. चारशे माणसांत त्याचा कान असा पिळायचा की डोळ्यांत पाणी यावं, आणि मग त्याच्याच तोंडचं त्याला ऐकवायचं. त्यानं पुढे त्याचं काही बिघडलं नसतं, हे मला कळत होतं. पण माझी आग थोडी शांत झाली असती, आणि तेवढ्यावर मी समाधान मानायला तयार होते.

लग्न बार्शीतच, मंगल कार्यालयात. आदल्या दिवशी मी उज्जूला हिरवा चुडा भरला. एकही बांगडी वाढली नाही. आम्ही बांगडी फुटली म्हणत नाही, वाढली म्हणतो. उज्जू खूश होती आणि घाबरलेलीही होती.

"ताई, उद्या काही बोलू नको हं त्यांना."

"एक अक्षर बोलणार नाही," मी म्हटलं.

अक्षता पडल्या, मंगळसूत्र झालं, होम पेटला. गुरुजींनी हाक मारली, "नवरीचा भाऊ कोण आहे? पुढं या." मी उठून पुढे गेले. मुलाची आत्या लगेच कुजबुजली, पण ती कुजबुज मंडपाच्या दारापर्यंत ऐकू गेली.

"नवऱ्याला टाकून आलेली बाई? होमापाशी?"

गुरुजी माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "गुरुजी, भाऊ नाही आम्हाला. मीच तिला वाढवलंय. शास्त्रात बसत नसेल तर सांगा."

गुरुजींना पुढच्या मुहूर्तावर वैरागला पोचायचं होतं. "कान पिळायचं शास्त्रात आहेच कुठं?" ते म्हणाले. "रूढी आहे ती. घाला लाह्या."

उज्जूनं ओंजळ धरली. तिच्या ओंजळीखाली सुरेंद्रनं आपली ओंजळ धरली. मी लाह्या घातल्या, गुरुजींनी मंत्र म्हटले, लाह्या होमात गेल्या. असं तीनदा झालं. मग सुरेंद्रनं स्वतःच डोकं पुढे केलं आणि मागे बघून मित्रांना म्हणाला, "सावकाश पिळा बरं का. परतीचा माल आहे, हातात काच राहिलेली असते!"

मित्र हसले. मी त्याचा उजवा कान चिमटीत धरला. वरची कड नाही, खालची मऊ पाळी नाही. मधली कडक कूर्चा धरली आणि अंगठा वळवला.

आधी तो हसत होता. मग हसणं तोंडावर तसंच राहिलं आणि त्यातला आवाज गेला. "बास," तो म्हणाला. मी आणखी वळवला. "बास की हो ताई." त्याची मान वाकडी झाली, मुंडावळ्या एका डोळ्यावर आल्या. बायका हसायला लागल्या. त्यांना वाटलं, नवरा भारी नाटक करतोय. "आई गं!" तो खरंच ओरडला, आणि सगळा मंडप हसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. तेव्हा मी कान सोडला आणि मोठ्यानं म्हटलं,

"गंमत केली हो सुरेंद्रराव! लगेच तोंड कशाला पाडताय?"

काय हशा झाला! स्वयंपाकी सुद्धा झारे घेऊन दारात आले. गजा तर शर्टपीस छातीशी धरून पोट दुखेस्तोवर हसत होता. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. अंगातून गार वारा गेला. आणि त्या सगळ्यात उज्जूही हसली. मुंडावळ्यांच्या आडून, खाली मान घालून, खुदकन.

सुरेंद्रनं ते बघितलं.

त्याचे हात अजून तिच्या हातांखाली होते. त्यानं चेहरा हसराच ठेवला. फक्त त्याचा डावा हात तिच्या ओंजळीखालून मनगटावर सरकला आणि मिटला.

तो आवाज मंडपात कुणाला ऐकू गेला नसेल. मला गेला. काचेचा तो बारीक आवाज मी झोपेतही ओळखते. एक, मग आणखी दोन. खाली सांडलेल्या पांढऱ्या लाह्यांवर रक्ताचे थेंब पडले.

"अरे अरे!" सुरेंद्र म्हणाला आणि त्यानं हात उचलून सगळ्यांना दाखवले. "गंमत केली मी. काच कच्ची निघाली आप्पांची!"

माझा नवरा अगदी असंच करायचा. बाहेरच्या खोलीत पाहुणे असले, की आतल्या खोलीत येऊन हसत हसत मनगट धरायचा. ओरडावं तर पाहुण्यांत शोभा. मग बाहेर जाऊन म्हणायचा, "गंमत केली जरा बायकोची, रुसली वाटतं." पहिल्यांदा मी माहेरी आले, ती मनगटाला फडकं बांधून. आप्पांनी ते सोडलं, हळद लावली. मला समोर बसवलं, पेटी उघडली आणि माझ्या हातात नव्या बांगड्या भरल्या. अगदी हलक्या हातानं, कुठे दुखू न देता. म्हणाले, "गमतीत झालं असेल गं. मनाला लावून घेऊ नको." आणि एसटीत बसवून दिलं. असं त्यांनी एकदा नाही केलं, चारदा केलं. पाचव्यांदा मी आले तेव्हा त्यांनी पेटीला हात लावण्याआधीच मी दोन्ही हात पाठीमागे धरले होते आणि परत गेले नव्हते.

म्हणून म्हणते, मी पिळला तो कान सुरेंद्रचा होता, पण माझा राग काही त्याच्या एकट्यावर नव्हता.

होमाजवळ गडबड उडाली. कुणी हळद आणली, कुणी पाणी. बायका म्हणायला लागल्या, भर मांडवात चुडा वाढला, बरं नव्हे. मुलाचे वडील उठून आले, हसतच होते.

"अहो, एवढं काय त्यात? पोरानं गंमत केली. आणि व्याही कासारच आहेत की! आप्पा, आणा तुमची पेटी, भरा नव्या. गुरुजी, दोन मिनिटं थांबा."

आप्पांनी पेटी मंडपात आणलेली होतीच, पाहुण्यांच्या बायकांना बांगड्या भरायला. ती घेऊन ते आले आणि उज्जूसमोर बसले. तिचा हात त्यांनी हातात घेतला. धोतराच्या सोग्यानं रक्त टिपलं. काचेचा एक तुकडा आत रुतला होता, तो नखानं काढला. मग पेटी उघडून हिरवा जोड हातात घेतला. मी त्यांच्या समोरच उभी होते. त्यांनी वर बघितलं आणि आमची नजरानजर झाली. मी फक्त माझे दोन्ही हात पाठीमागे धरले.

आप्पांचा हात थांबला. तसाच हवेत, जोड धरून.

"भरा की," मुलाचे वडील म्हणाले.

"आप्पा," उज्जू म्हणाली. "भरू नका. राहिलेल्या काढा."

आणि तिनं दुसरा हातही त्यांच्या पुढे केला.

भरलेली बांगडी उतरवणं हे भरण्याहून अवघड. आप्पांनी एकेक बांगडी उतरवली, एकही न फोडता. सगळे नुसते बघत राहिले. वाजंत्रीवाल्यांनी सुद्धा सनई खाली ठेवली. दोन्ही हात मोकळे झाल्यावर उज्जूनं गळ्यातलं मंगळसूत्र काढून समोरच्या तबकात ठेवलं.

"गुरुजी," आप्पा म्हणाले, "सात पावलं व्हायचीत ना अजून?"

"हो. सप्तपदी राहिली आहे."

"मग राहू द्या."

सुरेंद्र उठून उभा राहिला. कान त्याचा जांभळा झाला होता. "बांगडीवरून लग्न मोडताय? गंमत कळत नाही तुम्हाला?"

मुलाचे वडील आता हसत नव्हते. "चारशे माणसांत आमची अब्रू काढता? पोरीला जन्मभर घरात ठेवावी लागेल. एक ठेवलीच आहे म्हणा!"

आप्पा माणूस भित्रा. जन्मभर कुणाला उलट बोलले नाहीत. ते पेटीवर हात टेकून उठले. त्यांनी पगडी नीट केली आणि मंडपाकडे तोंड करून बोलले.

"माझी थोरली असंच मनगट घेऊन चार वेळा माझ्या दारात आली. मी कासार. मी तिला नव्या बांगड्या भरून चार वेळा परत पाठवली. गंमत असेल म्हणालो. सगळ्यांच्या समोर सांगतो, मी बापाचं काम केलं नाही. धाकटीला नाही पाठवणार." मग व्याह्यांकडे वळून त्यांनी हात जोडले. "पंगत तयार आहे. जेवल्याशिवाय जाऊ नका."

त्या हात जोडण्यानं जे झालं, ते शिव्यांनी झालं नसतं. वऱ्हाड उठलं. आत्या बडबडत, मित्र माना खाली घालून, सुरेंद्र एका हातानं कान झाकून. कुणी जेवलं नाही. सुरेंद्रची आई मात्र सगळ्यात शेवटी निघाली. माझ्याजवळून जाताना ती थांबली, इकडे तिकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "याच्या बापाचा कान पिळायला कुणी नव्हतं गं माझ्या लग्नात." आणि पदर सावरून जीपकडे गेली.

पुढचं काही सोपं गेलं नाही. गाव वर्षभर बोलत होतं. उज्जूला चार वर्षं स्थळ आलं नाही. आलं ते माढ्याच्या एका विधुर मास्तरांचं, आणि तो माणूस इतका कमी बोलायचा की लग्नानंतर महिनाभर आम्हाला वाटायचं, जावई रुसले आहेत. उज्जू सुखात आहे.

पण त्या दिवशी, वऱ्हाड गेल्यावर आणि गावची माणसं पांगल्यावर, चारशे पानांचा स्वयंपाक आणि आम्ही घरची पन्नास माणसं. गजा म्हणाला, "अन्न टाकायचं नसतं," आणि पानं मांडायला लागला. उज्जू नवरीच्याच साडीत, मोकळ्या हातांनी जेवायला बसली आणि चांगली पोटभर जेवली. मी वाढत होते. आप्पा भिंतीला टेकून पानावर बसले होते, काही खात नव्हते. मी त्यांच्या पानात भात वाढला, वरण घातलं, तूप सोडलं.

"शालन," ते वर न बघता म्हणाले, "माझ्यावरचा राग गेला का गं?"

मी तुपाची वाटी हातात धरून विचार केला. खोटं बोलावं असं वाटलं, म्हातारा माणूस, एवढ्या लोकांत एवढं बोलला. पण मला नाही जमलं.

"नाही, आप्पा."

त्यांनी मान हलवली. भात कालवला, पहिला घास घेतला.

"बरं," ते म्हणाले. "राहू दे. तो ठेव तू."